नांव कोणाचें?

मनुष्य ज्या गोष्टीला सर्वांत अधिक आपली म्हणतो, ती त्यानें मिळविलेली नसते, निवडलेली नसते, आणि स्वतःपुरता तिचा त्याला फारसा उपयोगहि नसतो. त्याचें नांव ही ती गोष्ट होय. तें ठेवतात दुसरे, त्या नांवानें हांक मारतात दुसरे, आणि तो गेल्यावर तें आठवतात किंवा विसरतात तेहि दुसरेच. असें असून त्या नांवाचें एक अक्षर इकडचें तिकडे झालें कीं त्याच्या कपाळाला आठी पडते. तीस वर्षें वर्गांत हजेरी घेण्याचा व्यवसाय आम्ही करीत आलों आहों. आपलें नांव दुसऱ्यानें कसें उच्चारावें याविषयीं अगदीं लाजाळू विद्यार्थीहि किती दक्ष असतो, हें आम्हीं नित्य पाहिलें आहे. तेव्हां प्रश्न असा कीं, हें नांव खरोखर कोणाचें? जो तें वागवितो त्याचें, ज्यांनीं पाळण्यांत घातलें त्यांचें, कीं ज्याच्या दप्तरांत तें चढलें त्या सरकारचें? आणि तें बदलण्याचा, निदान 'बदल' म्हणून सांगण्याचा अधिकार कोणाला?

तत्त्ववेत्त्यांनीं या प्रश्नाची बोळवण फार स्वस्तांत केली आहे. मिलिंद राजानें नांव विचारलें असतां नागसेन भिक्षूनें दिलेलें उत्तर पाली वाङ्मयांत प्रसिद्धच आहे. लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण ती व्यवहाराची एक संज्ञा. तिच्या आड कोणी पुरुष दडलेला सांपडावयाचा नाहीं, असा त्याचा आशय. इंग्लंडांत जॉन स्टुअर्ट मिल यानें इ. स. १८४३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत वेगळ्या वाटेनें जाऊन जवळपास तेथेंच मुक्काम केला. विशेषनामाला अर्थ नसतो, तें निव्वळ खूण असतें, असें त्याचें म्हणणें. आणि दृष्टान्त त्यानें घेतला तो अरबी कथांतील चोराचा. चोर हेरलेल्या घरावर खडूनें खूण करून जातो. ती खूण घराचें वर्णन करीत नाहीं. घर पुन्हां ओळखूं यावें एवढ्यासाठींच ती असते. पुढें मोर्जियाना नांवाची चतुर दासी आळींतील सगळ्या घरांवर तशीच खूण करून ठेवते आणि चोराचा बेत फसतो. हा उत्तरभाग मिलनें ओझरता घेतला आहे. आमच्या विषयाला तोच अधिक लागू आहे, हें पुढें दिसून येईल. शिवाय खडूची खूण पुसली म्हणून घराला दुःख होत नाहीं.

या प्रश्नाचा विचार वेल्स आणि इंडोनेशिया या दोन देशांच्या आधारें करावा असें आम्हीं योजिलें आहे. निवड लहरी वाटेल. एक देश ब्रिटनच्या पश्चिम अंगाला असलेला, डोंगर, पाऊस आणि कोळशाच्या खाणी यांचा. दुसरा विषुववृत्तावर पसरलेल्या हजारों बेटांचा. परंतु 'नांव' या शब्दानेंच दोघांशीं आपलें नातें जुळतें. वेल्श भाषेंत नांवाला 'एनू' म्हणतात, आणि तो शब्द संस्कृत 'नामन्' याचा चुलतभाऊ आहे. इंडोनेशियाच्या भाषेंत 'नामा' म्हणतात, आणि तो शब्द संस्कृतांतून उचललेला आहे. एक नातें रक्ताचें, दुसरें दत्तकाचें. यांतील पहिल्या नात्याची वाट ज्यांनीं दाखविली ते सर विल्यम जोन्स 'शाकुंतला'चे इंग्रजी भाषांतरकार म्हणून आमच्या वाचकांस परिचित आहेत. इ. स. १७८६ मध्यें कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचें एकमूलत्व प्रतिपादन करतांना केल्टिक भाषाहि त्याच कुळांतल्या असाव्यात असें त्यांनीं सुचविलें होतें. गंमत अशी कीं, ते स्वतः वेल्श बापाचे पुत्र असून त्यांना वेल्श भाषा येत नव्हती. जगांतील सर्व भाषा जाणणारा, मात्र स्वतःची न जाणणारा पुरुष, अशी फ्रान्सच्या राजाशीं त्यांची ओळख करून देण्यांत आली, अशी एक गोष्ट सांगतात. त्यांचे वडील, तेहि विल्यम जोन्स, मोठे गणिती होते. वर्तुळाच्या परिघाच्या व्यासाशीं असलेल्या प्रमाणाला 'पाय' हें ग्रीक अक्षर त्यांनींच इ. स. १७०६ मध्यें योजिलें. आणि आंग्लसी बेटावर राहणारे आजोबा? ते शॉन शॉर या नांवानें ओळखले जात. शॉनचा मुलगा तो जोन्स, एवढाच त्या जगप्रसिद्ध आडनांवाचा इतिहास.

ही पद्धत महाराष्ट्रीय वाचकास फोड करून सांगावयास नको. आपण आपल्या नांवापुढें बापाचें नांव लावतों. वेल्श मनुष्य मध्यें 'आप' हा शब्द घाली. 'माब' म्हणजे मुलगा, त्याचा हा झिजून राहिलेला अवशेष. इ. स. १२८२ मध्यें इंग्रजांशीं लढतांना पडलेला वेल्सचा राजा ल्लवेलिन आप ग्रिफिद, म्हणजे ग्रिफिदचा मुलगा ल्लवेलिन. पण आपण एका पिढीवर थांबतों, आणि वेल्श लोक थांबत नसत. बापाचें, आजाचें, पणजाचें अशीं नांवें सांखळीसारखीं ओवलीं जात. त्याला कारणहि होतें. जमिनीचा वांटा आणि खुनाची भरपाई या दोन्ही गोष्टी जुन्या वेल्श कायद्यांत भावकीवरून ठरत, तेव्हां मनुष्याचें नांव हाच त्याचा सात-बाराचा उतारा होता. मुलींच्या नांवांत 'आप'च्या जागीं 'वेर्ख', म्हणजे मुलगी, हा शब्द येई. आणि लग्न झालें म्हणून तो बदलत नसे. ती ज्याची मुलगी त्याचीच मुलगी राही.

हेन्री आठव्याच्या कारकीर्दींत, इ. स. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनीं, वेल्स इंग्लंडांत सामील करण्यांत आलें आणि न्यायकचेरींत इंग्रजी भाषा सक्तीची झाली. मोस्टिन गांवच्या एका खानदानी गृहस्थाची आख्यायिका त्या काळची आहे. त्याचें नांव न्यायसभेंत पुकारलें गेलें. अमुक आप तमुक आप अमुक असें तें लांबतच चाललें. शेवटीं अधिकारी वैतागले आणि त्यांनीं आज्ञा केली कीं, हें शेपूट तोडा आणि राहत्या वाड्याचें नांव लावा. तेव्हांपासून तें घराणें मोस्टिन झालें. आपल्याकडील 'कर' प्रत्ययांतल्या आडनांवांचाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें तें गांवाचें नांव शिपायानें बसविलें. सर्वांस मात्र वाडा कोठून असणार? मग बापाचें नांव तेंच कायमचें आडनांव झालें. ऱ्हीसचा मुलगा 'आप ऱ्हीस' याचा 'प्राइस' झाला, 'आप हवेल'चा 'पॉवेल', 'आप ह्यू'चा 'प्यू', 'आब ओवेन'चा 'बोवेन'. इंग्लंडांत इ. स. १९४८ मध्यें सर्वांस मोफत वैद्यकीय मदत सुरू करणारे आरोग्यमंत्री बेव्हन यांच्या नांवांतला 'ब' असाच, 'एव्हनचा मुलगा' म्हणून सांगणाऱ्या त्या 'आब'चा उरलेला तुकडा आहे. शब्द मेला, पण त्याचें हाड पुढच्या नांवांत रुतून बसलें.

आतां मोर्जियानेचा प्रवेश होतो. आडनांवें गोठलीं त्या वेळीं वेल्समध्यें बापांचीं नांवें थोडीं होतीं. जॉन, विल्यम, डेव्हिड, टॉमस, एव्हन एवढ्यांत निम्मा देश आटपत असे. परिणामीं सगळा मुलूख जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, टॉमस आणि एव्हन्स यांनीं भरून गेला. ज्या भाषेच्या जुन्या वर्णमालेंत 'ज' हें अक्षरच नाहीं त्या भाषेच्या देशांत सर्वांत अधिक लोकांचें आडनांव 'ज'नें सुरू व्हावें, ही सरकारी दप्तराची करामत होय. ओळख पटावी म्हणून सरकारनें प्रत्येक दारावर खूण केली, आणि खूण सगळ्या दारांवर सारखीच निघाली! इ. स. १८७९ मध्यें आफ्रिकेंत रोर्कस् ड्रिफ्ट येथें झुलू सैन्यानें एका लहानशा ठाण्याला वेढा घातला. तेथील रुग्णालयांत एकाच खोलीच्या दाराशीं उभें राहून आजाऱ्यांना वांचविणारे दोन शिपाई, दोघेहि जोन्स. पलटणीला ते ७१६ जोन्स आणि ५९३ जोन्स म्हणून ठाऊक होते. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्य ज्याचें त्याचें. नांवाच्या जागीं मात्र आंकडा.

लोकांनीं यावर आपल्यापरी उपाय केलाच. गांवांत दूध घालणारा जोन्स, पाव भाजणारा जोन्स, अमक्या मळ्यावरचा जोन्स, अशीं दुसरीं नांवें पडलीं, आणि व्यवहारांत तींच खरीं ठरलीं. कवींनीं तर सरळ नवींच नांवें घेतलीं. एलिस हम्फ्री एव्हन्स नांवाचा एक मेंढपाळ होता; कवि म्हणून त्यानें 'हेद विन' हें नांव धारण केलें. हेद म्हणजे शांति, विन म्हणजे शुभ्र किंवा पावन. पहिल्या महायुद्धांत त्याला सैन्यांत जावें लागलें, आणि ३१ जुलै १९१७ या दिवशीं फ्लँडर्सच्या रणांगणांत तो पडला. त्याच सप्टेंबरांत वेल्सच्या राष्ट्रीय काव्यसंमेलनांत त्याच्या दीर्घकाव्याला सर्वोच्च मान मिळाला. त्या स्पर्धेंत कवीनें तिसरेंच एखादें टोपणनांव घ्यावयाचें असतें. तें टोपणनांव सभेंत पुकारलें गेलें, आणि कोणी उठेना. विजेत्या कवीची ती खुर्ची मग काळ्या वस्त्रानें झांकण्यांत आली. आज त्याला एव्हन्स म्हणून कोणी ओळखत नाहीं. सैन्याच्या यादींतला माणूस 'एव्हन्स' होता. ज्याच्यासाठीं लोक रडले तो हेद विन. यांतलें त्याचें नांव कोणतें, हें सांगावयास मिलचें तर्कशास्त्र लागत नाहीं.

वेल्सच्या जुन्या माबिनोगी कथांत या विषयावरची एक अद्भुत गोष्ट आहे. आरियान्र्‌होद ही माता आपल्या मुलावर रागावते आणि शाप देते कीं, मी स्वतः ठेवल्यावांचून याला नांव मिळणार नाहीं. नांव ती ठेवणार नसते, हें उघडच आहे. मुलाचा पालक ग्विदियन मोठा मायावी. तो चांभाराचें रूप घेऊन तिच्यासाठीं जोडे शिवूं लागतो. इतक्यांत एक चिमुकला पक्षी नावेवर बसतो आणि तो पोर त्याला अचूक नेम मारतो. माता सहज बोलून जाते कीं, या गोऱ्या पोराचा हात मोठा कुशल दिसतो. झालें! तोच उद्गार त्याचें नांव होतो, ल्लेउ ल्लाउ गिफेस. ही कथा आम्हांस सर्व तत्त्वज्ञांपेक्षां शहाणी वाटते. नांव नसलेलें मूल जिवंत असूनहि माणसांत मोजलें जात नाहीं. आणि नांव देणें ही सत्ता आहे, ती रोखून धरणें हाहि एक प्रकारचा घात आहे, हें तिला ठाऊक आहे.

जावा बेटांत नांवाची कल्पना निराळी. तेथें आडनांव मुळांत नव्हतेंच. बहुतेकांचें एकच नांव. खेडुतांच्या मुलांना त्यांच्या पांच दिवसांच्या बाजारआठवड्यावरून नांवें पडत. वागे या दिवशीं जन्मला तो वागिमान, जन्मली ती वागियेम, पोन या दिवशींचा तो पोनिमान. कोणी स्लामेत, म्हणजे सुखरूप. कोणी उंतुंग, म्हणजे नशीबवान. नांव मुलाला पेलवलें पाहिजे, अशी तेथें समजूत आहे. मूल वारंवार आजारी पडूं लागलें कीं नांव जड झालें असें म्हणतात, आणि तें उतरवून दुसरें घालतात. आपल्याकडे मूल जगावें म्हणून दगडू किंवा धोंडू म्हणत, त्याच मायेचें हें दुसरें रूप. इ. स. १९०१ मध्यें जन्मलेला कुस्नो नांवाचा एक मुलगा असाच सारखा आजारी पडे. बापानें महाभारतांतील कर्णावरून त्याचें नांव बदललें, मागें 'सु' जोडला, आणि तो सुकर्णो झाला. पुढें इंडोनेशियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. बापानें निवडलेला वीरहि पाहा. आपण कोणाचे पुत्र, कौंतेय कीं राधेय, या एका प्रश्नावर ज्याचें सगळें आयुष्य जळून गेलें, आणि खऱ्या आईनें युद्धाच्या तोंडावर खरें कुळ देऊं केलें तें ज्यानें नाकारलें, त्याचें नांव! पाश्चात्य वृत्तपत्रांना एका नांवानें चैन पडेना. त्यांत मागें 'अहमद' लागलेलें दिसे. आपलें नांव सुकर्णो आणि एवढेंच, हें त्यांना आत्मचरित्रांत बजावून सांगावें लागलें.

जावांत पुरुष लग्नानंतर प्रौढपणाचें नवें नांव घेत असे. आमच्या घरांत ताटांत तांदूळ पसरून अंगठीनें नवें नांव लिहिलें जातें तें वधूचें, वराचें नव्हे. दोन्हीकडे विधि मंगल म्हणूनच होतो. परंतु जो स्वतः नवें नांव घेतो आणि जिला तें दिलें जातें, त्यांच्या स्थितींत अंतर आहे. वीस वर्षें आईबापांनीं ज्या नांवानें हांक मारली तें एका सायंकाळीं जुनें होतें, याची बोच कित्येक जणींनीं उघड बोलून दाखविली आहे. रूढि प्रेमळ असूं शकते, पण तिनें विचारलें नाहीं एवढें खरें.

बालि बेटाची तऱ्हा याहून वेगळी. तेथें नांव जन्मक्रमावरून. पहिलें मूल वायान, दुसरें मादे, तिसरें न्योमान, चौथें केतुत, आणि पांचव्यापाशीं पुन्हां वायान. सुकर्णोंच्या मातोश्री ईदा आयू न्योमान राइ. एवढ्या नांवावरून त्या बालिच्या ब्राह्मणकुळांतल्या व तिसऱ्या, हें परक्यालाहि कळावें. पुढें मूल झालें कीं बालिचा सामान्य मनुष्य अमक्याचा बाप होतो, नातू झाला कीं तमक्याचा आजोबा, आणि त्याचें मूळ नांव मागें पडतें. वेल्श मनुष्य बापाच्या नांवानें ओळखला जाई, बालिचा मुलाच्या. सुमात्रांतील बाताक लोकांत मात्र बापाकडून आलेलें कुळनाम आहे आणि सगोत्र विवाह वर्ज्य आहे; शेजारच्या मिनांगकबाउ लोकांत कुळ आईकडून चालतें. एका देशांत एवढें वैविध्य सुखानें नांदत आलें.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांस विशेष भुरळ घालते. जावांतील मुसलमान कुटुंबांत विष्णु, इंद्र, सूर्य, देवी, बुद्धि अशीं नांवें सर्रास आढळतात. सुकर्णोंच्या कन्या, पुढें २००१ मध्यें राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेगावती, यांचें नांव ओरिसाचे बिजू पटनायक यांनीं सुचविलें असें सांगितलें जातें. त्यांच्या 'सुकर्णोपुत्री' या उत्तरपदांत वेल्सच्या 'वेर्ख'चीच छटा आहे. हें ऐकून आमच्यांतील कित्येकांची छाती फुगते. जणूं तीं नांवें आपण उसनीं दिलीं आहेत आणि व्याज येणें आहे. आम्हांला हा अभिमान समजत नाहीं. शतकानुशतकें ज्या आयांनीं तीं नांवें अंगाईंत घोळविलीं, त्यांचीं तीं झालीं.

याच संस्कृत नांवांना पुढें एक निराळें काम करावें लागलें. इ. स. १९६५ व १९६६ सालीं इंडोनेशियांत भयंकर कत्तली झाल्या. त्यानंतर, १९६६ च्या डिसेंबरांत, मंत्रिमंडळाच्या अध्यक्षमंडळानें १२७ क्रमांकाचा निर्णय काढून चिनी नांवाच्या नागरिकांना नांव बदलण्याची सोपी वाट करून दिली. त्याची भाषा सवलतीची होती. परंतु चिनी रीतिरिवाज उघडपणें पाळण्यावर पुढच्याच वर्षीं बंदी आली, यावरून ती सवलत कोणत्या जातीची होती हें दिसतें. लोकांनीं नांवें बदललीं. मात्र बदलतांना पुष्कळांनीं जुनें कुळनाम नव्याच्या पोटांत लपविलें. लिम होता त्यानें 'सलीम' घेतलें. उइ होता त्यानें 'विजय'. चान होता त्यानें 'चंद्र'. प्राइसमध्यें 'आप' राहून गेला होता तो बोलण्याच्या झिजेनें. येथें माणसांनीं जाणून, दारें लावून, तो तुकडा शिवून ठेवला. बॅडमिंटनच्या शौकिनांस रुडी हार्तोनो हें नांव ठाऊक असेल; ऑल इंग्लंडचें विजेतेपद आठ वेळां जिंकणाऱ्या या वीराचें जन्मनांव न्यो हाप लियांग असें होतें. १९८० सालीं आमच्या प्रकाश पदुकोण यांनीं त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत ज्याला हरविलें, तो इंडोनेशियाचा खेळाडू मात्र लिम स्वी किंग या चिनी नांवानेंच जगास परिचित होता. दोघांनींहि एकाच झेंड्यासाठीं घाम गाळला. नांवावरून निष्ठा मोजणारांनीं याचें काय उत्तर द्यावें?

सरकारची बाजू आम्ही जाणतों. वारसा, मतदान, शिधा, परवाना, यांसाठीं कोण कोणता हें कळलें पाहिजे. इंडोनेशियाच्या गृहखात्यानें २०२२ सालीं नियम केला कीं, नव्यानें नोंदावयाच्या नांवांत निदान दोन शब्द असावेत आणि एकंदर अक्षरें साठांहून अधिक नसावींत. जुनीं एकेरी नांवें तशींच मान्य राहिलीं. यांत कोणाचा द्वेष नाहीं. परदेशीं गेलेल्या एकनाम्या जावी विद्यार्थ्याला 'आडनांव' या रकान्यापुढें काय हाल सोसावे लागतात हें ध्यानांत घेतलें तर नियमांत थोडी दयाहि आहे. तरीहि वागिमान आतां एकटा जन्मूं शकणार नाहीं, हें मनाला लागतें. तूं कोण, हें विचारण्याचा अधिकार सरकारला आहे असें आम्ही मानतों. उत्तर अमुकच दे, असें सांगण्याचा अधिकार त्याला कोठून येतो हें आम्हांला अद्याप कोणीं पटवून दिलेलें नाहीं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो बळकट आहे. वेल्समध्यें जोन्स हें नांव लादलें गेलें असेल, पण आज तें तेथील लोकांचें लाडकें आहे. 'विजय' झालेल्या चिनी आजोबांच्या नातीला तेंच नांव घरचें वाटतें, आणि जुनें परत घे म्हणणें हा तिच्यावर दुसरा जुलूम होईल. हें आम्हांला पूर्ण मान्य आहे. नांव वापरानें आपलें होतें. अन्याय मात्र वापरानें न्याय होत नाहीं. आजोबांवर जें गुदरलें त्याचा हिशेब नातीच्या सुखानें चुकता होत नाहीं, आणि म्हणून तिचें सुख खोटेंहि ठरत नाहीं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असूं शकतात. परत घ्यावें कीं न घ्यावें, हें तिचें तिनें ठरवावें. इंडोनेशियांत चिनी रीतिरिवाजांवरील बंदी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनीं इ. स. २००० मध्यें उठविली. त्यानंतरहि पुष्कळांनीं जुनीं नांवें परत घेतलीं नाहींत, आणि तसें करण्यास त्यांना कोणीं भाग पाडलें नाहीं.

वेल्समध्यें कांहीं घरांनीं 'आप' परत आणला आहे. आंग्लसी बेटानें, म्हणजे त्या शॉन शॉरच्याच बेटानें, इ. स. २०१३ मध्यें आपला प्रतिनिधि म्हणून ज्यांस वेल्सच्या विधिमंडळांत धाडलें, ते ऱ्हिन आप योर्वर्थ. त्यांच्या वडिलांचें नांव एडवर्ड, आणि वेल्श भाषेंत एडवर्डच्या जागीं योर्वर्थ म्हणण्याचा जुना प्रघात आहे. वडिलांचें आडनांव जोन्स.